पासपोर्टवरची बायको

“हे काय आहे?” त्या अधिकाऱ्यानं इंग्रजीत विचारलं, आणि आमच्या ह्यांनी खुशीत फाइल उघडली.

खुशीत म्हणते ते उगाच नाही. हे त्या प्रश्नाची कधीपासून वाट बघत होते. उभी हयात साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी घेण्यात गेलेली. निवृत्त झाल्यापासून तपासायला कागद मिळत नव्हते, म्हणून घरी आलेल्या लाइटबिलावर लाल पेनानं खुणा करत बसायचे. अशात जावयाचा निरोप आला की इकडं औषधांच्या बाबतीत फार कडक असतं, आईंच्या इंजेक्शनांचे सगळे कागद नीट आणा. झालं. माणसाला दहा वर्षांनी तरुण करायला एवढं पुरे होतं. डॉक्टरांचं पत्र, त्याचं इंग्रजी भाषांतर, त्यावर शिक्का, औषधाची चिठ्ठी, दुकानाची पावती, इंजेक्शन किती गार ठेवायचं त्याचा कागद, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. मला म्हणाले, “अडवून दाखवू दे कुणाला.”

आणि त्या तरुण अधिकाऱ्यानं अडवलं.

देशाचं नाव सांगत नाही. आखातातला एक देश, एवढं पुरे. जावई अजून तिथंच नोकरीला आहे, आणि आमच्या बोलण्यानं त्याला त्रास व्हायला नको. शिवाय त्या लोकांनी काही वावगं केलं नाही. जे झालं ते आमचं आम्हीच केलं.

कस्टमच्या टेबलावर आमची बॅग उघडी पडली होती. मेतकूट, डिंकाचे लाडू, बाळंतिणीचा शेपा-ओवा, सगळं त्यानं वरवर बघून बाजूला सारलं. निळ्या रंगाचा तो गार डबा मात्र समोर ओढला. झाकण काढलं. आत बर्फाच्या पिशव्यांमध्ये माझी इंजेक्शनं आडवी ठेवली होती, सुया आधीच बसवलेली, पेनासारखी.

मला सांधेवात. आधी बोटं, मग मनगटं. इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधी सकाळी मूठ वळायची नाही. पदराला पिन लावायची तर ह्यांना हाक मारायची, आणि ह्यांनी लावलेली पिन म्हणजे निम्म्या वेळा ती खांद्यालाच टोचायची. सारिकाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, पहिल्या बाळंतपणाला म्हणूनच मी गेले नाही. पोरीनं तिथं एक केरळची बाई ठेवून निभावलं. फोनवर म्हणायची, आई, तू काळजी करू नकोस, सगळं छान आहे. सगळं छान आहे म्हणताना ती रडतेय हे मला कळायचं. पुढं सातारच्या डॉक्टरांनी हे इंजेक्शन सुरू केलं. दर आठवड्याला एक, मांडीत किंवा पोटात, माझं मीच टोचून घ्यायचं. दोन-तीन महिन्यांत मी पुन्हा भाकरी थापायला लागले. मग सारिकाला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी स्वतः म्हटलं, या वेळी बाळाला पायावर घेऊन मी न्हाऊ घालणार.

तर असा तो डबा. तो पोचला तर मी बाळंतिणीची आई. नाही पोचला तर ऐन बाळंतपणात तिच्या घरात आणखी एक पेशंट. तिथं तेच औषध मिळतं, पण नवा डॉक्टर गाठा, नव्यानं तपासण्या करा, यात कितीतरी आठवडे गेले असते, आणि सारिकाचे दिवस तर भरत आले होते. एक आठवडा चुकला की बोटं कशी होतात ते मला ठाऊक होतं. ओलं, साबण लावलेलं बाळ तसल्या हातांत कुणी देऊ नये आणि आपणही घेऊ नये.

त्या अधिकाऱ्यानं डॉक्टरांचं पत्र वाचलं. मान डोलावली. ह्यांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली, म्हणजे, बघितलंस? मग त्यानं माझा पासपोर्ट उघडला. पत्राकडं बघितलं. परत पासपोर्टाकडं.

“रत्नप्रभा कोण?”

“माय वाइफ,” हे म्हणाले.

“आणि ही बाई?”

“माय वाइफ.”

“मग नकुसा कोण?”

“दॅट इज राँग,” ते म्हणाले.

“काय राँग आहे?”

“पासपोर्ट. पासपोर्ट इज राँग.”

आपला पासपोर्ट चुकीचा आहे असं विमानतळावर बोलू नये, हे पाचवीतल्या पोरालाही कळेल. टाइम ऑफिसातल्या माणसाला कळलं नाही. त्या तरुणानं माझ्याकडं निरखून बघितलं, डब्याचं झाकण लावलं, पासपोर्ट, फाइल आणि डबा एकावर एक ठेवून उचलले आणि म्हणाला, “कम.”

ज्यांना आमच्या भागातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं माहेर माण तालुक्यातलं. तिकडं चाल अशी की मुलीवर मुली होत गेल्या की शेवटच्या मुलीचं नाव नकुसा ठेवायचं. नको असलेली. म्हणजे देवाला कळावं, आता मुली पुरे. मी पाचवी. नाव माझ्या आजीनं ठेवलं. माझ्या पाठीवर भाऊ झाला, तेव्हा नाव लागू पडलं म्हणून गावात पेढे वाटले. पेढे वाटायला ताट घेऊन मीच फिरले म्हणे, दुडुदुडु पळत.

शाळेत नकुसा. सातवीपर्यंत शिकले, तेवढ्यात दर वर्षी नव्या मास्तरांनी हजेरी घेताना एकदा तरी मान वर करून बघायचं. मग लग्न झालं. सासरी आल्यावर ताटात तांदूळ पसरून ठेवले होते आणि ह्यांनी बोटातल्या अंगठीनं त्यात नाव लिहिलं: रत्नप्रभा. एवढं मोठं, एवढं चकचकीत नाव. लोक म्हणतात, लग्नात नाव बदललं की बाईला आपलं काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं. वाटत असेल. मला तर पायातली बेडी तुटल्यासारखं झालं. त्या रात्री मी ते नाव पुटपुटत झोपले. त्यानंतर गावात, भावकीत, बँकेत, दवाखान्यात मी रत्नप्रभा शामराव फडतरे. माहेरचं जुनं नाव सासरी कुणी काढलं नाही. हेही कधी काढत नसत. एकदासुद्धा नाही. मी मनात धरून चालले होते की ह्यांना त्याची लाज वाटते. वाटू दे म्हटलं, मलाही वाटते.

पासपोर्ट काढायची वेळ आली तेव्हा घोटाळा झाला. एजंट म्हणाला, जन्माचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला लागेल आणि दाखल्यावर असेल तेच पहिलं नाव पासपोर्टवर येईल, आडनाव तेवढं सासरचं. रीतसर नाव बदलून घ्यायचं तर वेळ नव्हता. हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. शेवटी म्हणाले, परत आल्यावर दुरुस्त करून घेऊ. जावयानं व्हिसा काढला, त्यानं ते नाव बघितलं, सारिकानंही बघितलं असणार. दोघांनी एका शब्दानं विचारलं नाही. पोरं समजूतदार निघाली.

आणि मग ही फाइल. औषधाचं नाव, डोस, तापमान, तारखा, सगळं ह्यांनी तीनदा ताडून बघितलं. डॉक्टरांच्या पत्रावर पेशंटचं नाव रत्नप्रभा आणि पासपोर्टवर नकुसा, एवढंच तेवढं बघितलं नाही. त्यांच्या डोक्यात माझं दुसरं नावच नव्हतं, तर बघणार काय.

ज्या खोलीत नेलं तिथं एक टेबल, चार खुर्च्या आणि एक वयस्कर अधिकारी. पांढरी झाक असलेली दाढी, चष्मा कपाळावर. तिथलाच माणूस, पण हिंदी चांगलं बोलायचा. आम्हाला बसा म्हणाला. पाणी दिलं. एवढ्यानं ह्यांना धीर आला.

“साब, हमारे में लगीन के बाद लडकी का नाव बदलते हैं,” ह्यांनी सुरुवात केली.

“सरनेम. मालूम है,” तो म्हणाला.

“सरनेम भी और नाव भी. पूरा.”

“पहला नाम भी?”

“हां. चावल में लिखते हैं.”

“चावल में?” त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला.

हे तांदळाचं सांगायला लागले. ताट कसलं, अंगठी कुणाची, सगळं. मी पाय दाबला टेबलाखाली, पण ते थांबतात कसले. त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “चावल का कोई सर्टिफिकेट है?”

नव्हतं.

त्यानं ह्यांचा पासपोर्ट मागितला. सारिका पहिल्यांदा तिकडं गेली तेव्हाच ह्यांनी आपला काढून ठेवला होता, लागला तर असावा म्हणून. शेवटच्या पानावर बायकोचं नाव असतं. तिथं ह्यांनी लिहिलं होतं, रत्नप्रभा. त्यानं ते पान आमच्याकडं फिरवलं आणि त्यावर बोट ठेवलं.

म्हणजे कागदोपत्री ह्यांची बायको रत्नप्रभा, औषध रत्नप्रभाचं, आणि ह्यांच्याबरोबर विमानातून आलेली मी कुणी भलतीच.

“देखिए अम्मा,” तो मला म्हणाला, “आपका वीजा ठीक है. आप जा सकती हैं, बेटी के पास. मगर दूसरे के नाम की दवा, वो भी इंजेक्शन, मैं अंदर नहीं जाने दे सकता. ये यहीं रहेगी. और रखते नहीं हैं हम. नष्ट करते हैं.”

त्यानं खालच्या खणातून एक जाड प्लास्टिकची पिशवी काढली आणि डब्याशेजारी ठेवली. पिशवीवर लाल अक्षरं होती. मला वाचता आली नाहीत, पण कळली.

“मेरा है साब,” मी म्हटलं. “मैं खुद टोचती हूं.” आणि नऊवारीत असते तर मांडी दाखवली असती, सहावारीत होते म्हणून पोटावरचा डाग दाखवायला पदर जरा सरकवला. त्यानं लगेच मान फिरवून हात वर केला, नको नको म्हणून. भला माणूस होता. हे माझ्यावर डोळे वटारून बसले.

मग त्यानं थोडा विचार केला. कागद खालीवर केले. म्हणाला, “एक रास्ता है. आपके पासपोर्ट में पति का नाम शामराव. ये शामराव. इनका बयान मैं लिखूंगा. ये अपने मुंह से बोलेंगे कि पासपोर्ट वाली औरत और दवा वाली औरत एक है. साइन करेंगे. जिम्मेदारी इनकी.” मग माझ्याकडं वळून, “आप नहीं बोलेंगी. आप बोलेंगी तो उसका मतलब नहीं.”

मला हायसं वाटलं. एवढंच ना? आमच्या ह्यांना बोलायला सांगणं म्हणजे पाण्याला उताराकडं जायला सांगणं.

त्यानं कोरा कागद घेतला, पेन उघडलं. “बोलिए. आपकी पत्नी का नाम?”

“रत्नप्रभा शामराव फडतरे.”

“और पासपोर्ट में जो नाम है?”

ह्यांनी पाण्याचा पेला उचलला.

“पासपोर्ट में क्या नाम है, बोलिए.”

“वो नाम गलत है साब.”

“गलत-सही मैं नहीं पूछ रहा. नाम पूछ रहा हूं.”

“आप पढ लो ना साब. लिखा है.”

“मैंने पढा है. बयान आपका है. आप बोलेंगे, मैं लिखूंगा.”

हे टेबलाच्या कडेकडं बघत बसले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं प्रश्न कळला नसेल. मी मराठीत म्हटलं, “अहो, नाव सांगा. त्यांना तेवढंच पाहिजे.”

“तू गप बस.”

“गप बस काय? नाव सांगा आणि सुटू.”

“मी सांगितलंय त्याला तुझं नाव. रत्नप्रभा.”

“पासपोर्टावरचं विचारतोय तो.”

“ते मी न्हाई सांगणार.”

तो अधिकारी आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण नवराबायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. त्यानं पेन खाली ठेवलं. “मिस्टर शामराव, आप इस औरत का नाम नहीं जानते?”

“जानता हूं. रत्नप्रभा.”

“तो फिर ये औरत जो यहां बैठी है, पासपोर्ट लेकर आई है, ये कौन है?”

ह्यांनी मान फिरवली. त्यानं खांदे उडवले, प्लास्टिकची पिशवी उलगडली आणि डबा स्वतःकडं ओढला.

मी कधी चारचौघांत नवऱ्यावर आवाज चढवला नव्हता. घरात चढवायचे, ते वेगळं. त्या दिवशी चढवला. “लाज वाटते व्हय माझी? अजून? सगळं आयुष्य तुमच्या घरात राबले, तुमच्या आईचं शेवटचं सगळं मी केलं, पोर जन्माला घातली, आणि एका परक्या मुलखातल्या माणसापुढं माझं नाव सांगायला तुमची जीभ रेटत न्हाई? सारिकाचं बाळ मी कशानं धरू? ह्या बोटांनी?” मी दोन्ही हात त्यांच्या तोंडापुढं धरले. विमानातल्या गारव्यानं बोटं आधीच सुजली होती.

ह्यांनी ते हात धरले. खाली घेतले. आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “लाज न्हाई गं. तुझ्या आईला शब्द दिलाय मी.”

“कुणाच्या आईला?”

“तुझ्या.”

माझी आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी माहेरी शेवटची गेले ती तिच्या दहाव्याला, आणि तिथंही मला रडू आलं नव्हतं. आजीचा मला कधी राग आला नाही. आजी होतीच तशी, विळ्याच्या पात्यासारखी. राग होता तो आईचा. माझ्या बारशाला ती पाळण्याची दोरी धरून बसली होती आणि नाव ठेवलं गेलं तेव्हा एक अक्षर बोलली नाही, असं मला थोरल्या बहिणीनं सांगितलं होतं. ते मी कधी विसरले नाही. लग्नानंतर दिवाळीला गेले की आईच्या पाया पडायचे, पण तिच्या शेजारी बसायचे नाही.

“कसला शब्द?” मी विचारलं.

“आपलं वऱ्हाड निघायच्या वेळी,” हे म्हणाले. हळू बोलत होते, आणि आता गावाकडचं सगळं त्यांच्या बोलण्यात आलं होतं. “गाडीत सगळी बसली. तुझ्या आईनं मला हात करून कडब्याच्या गंजीमागं बोलावलं. मी बावचळलो. जावई नवा, सासू अशी एकटी बोलावती म्हणजे काय. डोळ्यांपत्तूर पदर वढलेला. म्हणाल्या, जावईबापू, एक मागणं हाय, हुंड्यापांड्यातलं न्हाई. माझ्या लेकीचं हे नाव हितंच ऱ्हाऊ द्या. दुसरं कुठलंबी ठेवा, चांगलं बघून ठेवा. पण हे नाव तुमच्या तोंडून तिच्या कानावर कधी पडू देऊ नका. तवा मला तोंड उघडता आलं न्हाई, म्हणाल्या. आता तेवढं तुम्ही सांभाळा.”

मी ऐकत होते. समोरचा अधिकारीही ऐकत होता, काही कळत नसताना.

“आमच्या आईनं तुझ्यासाठी दुसरंच नाव काढलं होतं. तांदळात लिहिताना मी ऐनवेळी बदललं. आई चार दिवस बोलली न्हाई माझ्याशी.”

“मला का सांगितलं नाही कधी?”

“कसं सांगणार? सांगायचं म्हणजे ते नाव घ्यावं लागलं असतं.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईच्या दहाव्याला जे आलं नव्हतं ते सगळं तिथं, त्या एसी खोलीत, परक्या माणसापुढं आलं. थांबेचना. त्या अधिकाऱ्यानं कागदी रुमालांचा खोका माझ्याकडं सरकवला आणि ह्यांना विचारलं, “कोई मर गया?”

“हां,” हे म्हणाले. “इसकी मां. बहोत दिन हुए.”

तो काहीतरी पुटपुटला, त्याच्या भाषेत, दुखवट्याचं असणार. पण पिशवी त्याच्या हातातच होती. त्याचंही काम होतं.

मी नाक पुसलं. “घ्या आता,” मी ह्यांना म्हटलं.

“काय?”

“नाव. लग्नात मी तुमचं घेतलं होतं की, सगळ्या भावकीपुढं, उखाण्यात. आज तुम्ही माझं घ्या.”

“शब्द दिलाय गं.”

“तो शब्द तुम्ही पाळलात. आईला मी सांगेन वर गेल्यावर. म्हणेन, तुझ्या नातीच्या बाळासाठी मोडायला लावला मीच. ती न्हाई म्हणायची नाही.”

हे उठून उभे राहिले. कशाला ते त्यांनाच ठाऊक. कारखान्यात साहेबांपुढं उभं राहायची सवय असेल. शर्टाचं वरचं बटण लावलं. आणि त्या अधिकाऱ्याकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाले, “नकुसा.”

कारखान्यात हजेरी घेताना घ्यायचे तसं घेतलं. नीट, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. हे नाव मी जन्मभर हाकेतच ऐकलेलं. ए नकुशे, शेण उचल. ए नकुशे, भावाला घे. कुणी ते असं थांबून, पुरतं उच्चारलं नव्हतं. मला काय वाटलं ते सांगते: बरं वाटलं. एवढं वाईट नाव, आणि बरं वाटलं.

“नकुसा शामराव फडतरे,” हे पुढं म्हणाले. “मेरी पत्नी. यही है.”

“और रत्नप्रभा?”

“वो भी यही.”

“दोनों एक औरत?”

“एकही.”

तो लिहायला लागला. उजवीकडून डावीकडं, भराभर. मध्येच थांबला. त्याच्या मनात काहीतरी बसत नव्हतं. “एक बात समझाइए. नाम बदला क्यों? एक नाम दूसरे का तर्जुमा है? मतलब, मीनिंग सेम है?”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोलू शकत नव्हते, मला बोलायची मनाईच होती.

“रत्नप्रभा का मीनिंग क्या?” त्यानं विचारलं.

“रत्न बोले तो हिरा, माणिक,” हे म्हणाले. “उसका उजेड. उजाला.”

“अच्छा. और नकुसा?”

मला वाटलं आता हे अडणार. पण ह्यांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही.

“वही,” ते म्हणाले.

“सेम?”

“सेम टु सेम.”

त्या माणसाचं समाधान झालं. चेहऱ्यावरून कळलं, आता त्याच्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं. त्यानं तेही लिहून घेतलं, ह्यांची सही घेतली, माझी सही घेतली, शिक्का मारला. पिशवी घडी घालून खणात ठेवली आणि निळा डबा दोन्ही हातांनी माझ्याकडं दिला. “अच्छा नाम है,” मला म्हणाला. दोन्हीपैकी कुठलं ते त्यानं सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात सारिकाला मुलगी झाली. मी तीन महिने तिला पायावर घेऊन न्हाऊ घातलं, तेल लावून कान-नाक ओढले, शेक दिला, बोटांनी एकदाही दगा दिला नाही. आता ती तिथल्या शाळेत जाते आणि फोनवर माझं मराठी दुरुस्त करते.

पण त्या दिवशी त्या खोलीतून बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात डबा होता आणि हे ट्रॉलीवर बॅगा चढवत होते. दाराच्या काचेतून पलीकडं जावई हात हलवताना दिसत होता. मी ह्यांना म्हटलं, “सरकारी कागदावर खोटं लिहून दिलंत तुम्ही.”

“कुठं?” हे म्हणाले, आणि ट्रॉली ढकलायला लागले.